ऊन लागलेलं मीठ

गच्च्या पांढऱ्या व्हायला लागल्या की मला संशय यायला लागतो.

वैशाखातलं ऊन असतं. समोरच्या गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया पसरलेल्या असतात, पलीकडे काडीवर वळलेले सरगुंडे, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चकल्या. साडी उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर विटा. बाकीच्यांना त्यात वर्षभराची बेगमी दिसते. मला मात्र वाटतं, इतक्या पांढऱ्यात कुणी दुसरंच काही पांढरं आणून ठेवलं तर ओळखणार कोण? नवरा म्हणतो, तू पोलीस खात्यात शोभली असतीस. मी इथे यवतमाळला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि ते काम पोलीस खात्यापेक्षा फार वेगळं नाही. इथेही बाटलीवर लिहिलेलं नाव खरं धरून चालायचं नसतं.

स्वभाव बाबांचा. दिग्रसला तहसील कचेरीत त्यांचा जन्म गेला. लोकांच्या सह्या न्याहाळता न्याहाळता त्यांची नजरच तशी झाली. दुधाचा थेंब नखावर घेऊन पाहायचे, टरबूज कानाशी धरून वाजवायचे, आणि पाहुणा ‘जेवून आलो’ म्हणाला तरी त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे. आई याच्या अगदी उलट. तिचा कशावरही विश्वास बसे. परीक्षेला निघाले की ती मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची आणि तडतडलं नाही तर म्हणायची, बघ, केवढी दृष्ट लागली होती. तडतडलं तरी तेच म्हणायची. मला तेव्हाही वाटे, या प्रयोगात काही तरी गडबड आहे.

मिठाचं आपल्याकडे सगळंच संशयास्पद. हातात द्यायचं नाही, भांडण होतं. सांडू द्यायचं नाही, मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. कुणाच्या घरी खाल्लं तर जन्मभर त्याला जागायचं. साखरेच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. अशा या मिठावर मी पुढे संशोधन करायला बसले, हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं म्हणणं, मिठात शोधायचं काय राहिलंय?

त्यांना समजावून सांगताना मी नेहमी सोऱ्यापासून सुरुवात करायची. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, फटाक्यात असतो तो. पांढरा, खडीदार, दिसायला मिठासारखाच. त्यात एका नायट्रोजनभोवती तीन ऑक्सिजन असतात. हा सोरा गॅमा किरणांत ठेवला की किरण त्याच्या आरपार जातात आणि जाता जाता काहींचा एक ऑक्सिजन सुटा करतात. तिनाचे दोन राहतात. नायट्रेटचं नायट्राइट होतं. गंमत अशी की सुटलेला ऑक्सिजन कुठे जाऊ शकत नाही, कारण खडा घट्ट असतो. तो आतच कोंडून राहतो. बाहेरून खडा होता तसाच. रूप तेच, वजनही जवळजवळ तेच, पण आत मोडतोड झालेली.

आणखी एक गोष्ट मला त्यात फार आवडे. प्रत्येक क्षार सारखा मोडत नाही. ज्याच्या खड्यात आत दाटीवाटी आहे, तिथे सुटलेला ऑक्सिजन दूर सरकू शकत नाही, तिथल्या तिथे घुटमळतो आणि बऱ्याचदा पुन्हा आपल्या जागी जोडला जातो. जिथे आत ऐसपैस जागा आहे, तिथे तो एकदा सरकला की सरकला. म्हणून सोडियमच्या नायट्रेटपेक्षा पोटॅशियमचं जास्त मोडतं. हे ऐकून बाबांनी पहिल्यांदाच हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, म्हणजे दोन खोल्यांत राहणारी माणसं भांडून जाणार कुठे, तसं. मी म्हटलं, तसंच. एवढ्यापुरतं माझं संशोधन त्यांना मान्य झालं.

साध्या मिठाची तऱ्हा वेगळी. ते मोडलं की रंग धरतं. किरणांनी एखादी जागा रिकामी होते आणि तिथे भलताच इलेक्ट्रॉन भाडेकरूसारखा येऊन बसतो. त्यामुळे आपलं स्वयंपाकातलं मीठ मधासारखं पिवळं-तपकिरी होतं आणि पोटॅशियम क्लोराइड तर चक्क जांभळं. मात्र हा भाडेकरू फार दिवसांचा नसतो. उजेड लागला की उठून जातो, आणि रंगही जातो. म्हणून असे नमुने काळ्या कागदात ठेवायचे असतात. आमच्या सरांनी हे मला इतक्या वेळा बजावलं होतं की मी झोपेतही ‘काळा कागद’ म्हणाले असते.

आमचे सर म्हणजे माझे मार्गदर्शक. हुशार, टापटिपीचे, आवाज कधी न चढवणारे. रागावले तरी ‘बरं’ म्हणायचे आणि आनंद झाला तरी ‘बरं’. दोन्हींतला फरक ओळखायला मला वर्ष लागलं. त्या उन्हाळ्यात माझी शेवटची मापं राहिली होती. नागपूरला एका संस्थेत गॅमा किरण सोडणारं कोबाल्टचं यंत्र होतं, तिथे सोऱ्याचे आणि मिठाचे नमुने नेऊन ठेवायचे आणि पंधरवड्याने आणायचे. पुढची पाळी मिळायची म्हणजे थेट हिवाळा उजाडणार. माझी प्रबंधाची मुदत त्याआधीच संपत होती.

ते यंत्र मी त्या उन्हाळ्यातच पहिल्यांदा पाहिलं, आणि माझी निराशा झाली. शिशाचं एक जाडजूड पिंप. नमुने एका डब्यात ठेवायचे, बटण दाबायचं, मोटर घुरघुरते, डबा खाली जातो. बस. ना उजेड, ना वास, ना चटका. माझ्यासारखीने विश्वास ठेवायचा तरी कशावर? पंधरा दिवसांनी डबा वर आला आणि पॉलिथिनच्या छोट्या पिशव्यांत मी भरून दिलेलं पांढरं मीठ एक पिवळंधमक, दुसरं जांभळं होऊन बाहेर आलं. तिथल्या ऑपरेटरने माझं तोंड पाहून विचारलं, काय मॅडम, भरोसा नव्हता का? मी पटापट काळा कागद गुंडाळला. त्या रंगाला ट्यूबलाइटसुद्धा फार वेळ दाखवायचा नव्हता.

यवतमाळच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली तरी मी घेतली नाही. पर्स पोटाशी धरून मधल्या बाजूला बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, सोनं हाय का? मी म्हटलं, मीठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली.

लोकांना गॅमा किरणांचं भय असतं, त्यात त्यांची चूक नाही. आजही माझ्या विद्यार्थिनींच्या आया येऊन हळूच विचारतात, की मॅडम, ते अंगाला लागून घरी येत नाही ना? मी विचारते, खोलीतला दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच ते. किरण आले, आरपार गेले. मीठ फक्त मोडलं, ते स्वतः किरण सोडत नाही. आया मान हलवतात. मग जाताना मुलीला म्हणतात, घरी आली की आधी आंघोळ कर.

तर मी ते नमुने घेऊन संध्याकाळी उतरले आणि आमचा विभाग बंद. विद्यापीठाच्या परीक्षा चालू होत्या, प्रयोगशाळेला कुलूप, पुढे लागून सुट्ट्या. त्यात दिग्रसला मामेबहिणीचं लग्न. मी पुड्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, डबा माझ्या खोलीतल्या फळीवर ठेवला आणि सकाळच्या बसने दिग्रसला गेले. मी तेव्हा राहायची ती खोली घरमालकीण विमलकाकूंच्या घरी, वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून. खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. काकूंच्या घरात कुलूप लावणं म्हणजे काकूंवर संशय घेणं, आणि तो मी कितीही संशयी असले तरी उघडपणे घेऊ शकत नव्हते. काकू पहाटे उठून माझ्यासाठी नळाचं पाणी भरून ठेवत. ज्यांनी यवतमाळात उन्हाळा काढला आहे त्यांना या उपकाराची किंमत कळेल.

लग्नात पंगती झाल्या, मी हातभार लावला, उन्हात सगळ्यांबरोबर मीही रापले. सुट्ट्या संपल्यावर परत आले, डबा उचलला, कॉलेजात गेले.

सरांसमोर पहिली पुडी सोडली. आत पांढरं मीठ. दुसरी सोडली, तीही पांढरी. जांभळ्याचा मागमूस नाही. नायट्रेटच्या पुड्या तर पांढऱ्याच असायच्या, त्यांच्यावर नुसती पिवळसर झाक असते, तीही आता दिसेना.  सरांनी काळा कागद उजेडासमोर धरून पाहिला. कुठे भोक नाही, फाटलेलं नाही. म्हणजे उजेड लागला म्हणावं तर कागद शाबूत. सर म्हणाले, “बरं.” आणि उठून गेले.

हे ‘बरं’ मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मी त्यांच्या मागे गेले. सांगायला काही नव्हतं, तरी सांगितलं की नागपूरला रंग मी डोळ्यांनी पाहिला होता. ते म्हणाले, जूनमध्ये पाहू. मी म्हटलं, पण सर मापं? ते पुन्हा म्हणाले, जूनमध्ये पाहू, आणि पेपर तपासायला घेतले.

आमच्या प्रयोगशाळेत आणखी एक मुलगी होती, ज्योती. दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावरची. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, सरांशी पुस्तकी, अशा तिन्ही भाषा ती एकाच दमात बोले. तिच्या बोलीत मिठाला लूण म्हणतात. आमचे बापजादे बैलांवर लूण वाहायचे, आता मी टेस्टट्यूबमध्ये वाहते, असं ती म्हणे. तिची आजी सांगायची म्हणे, की माल चढवताना आणि उतरवताना देणारा-घेणारा दोघं समोरासमोर बसून चिमूटभर चाखायचे, त्याशिवाय गोणीचं तोंड शिवायचं नाही. खरं-खोटं आजीला ठाऊक. ज्योतीला मात्र त्यामुळे आपल्या विषयाचा हक्क आपल्याकडे वडिलोपार्जित आल्यासारखं वाटे.

दुसऱ्या दिवशी ती मला जिन्यात घेऊन गेली. सरांनी काल तिला बोलावून विचारलं होतं, की ही खरंच नागपूरला गेली होती का? गेली असेल तर येताना बसमध्ये पुड्या सांडल्या तर नाहीत ना, आणि मग हिने बाटलीतलं नवं मीठ भरलं असेल का? त्या दिवसांत ही दिग्रसला लग्नात होती, असं त्यांच्या कानावर आलं होतं, ते खरं का? जूनपासून माझी संशोधनाची जागा दुसऱ्या कुणाला द्यायचं त्यांनी विभागात बोलूनही टाकलं होतं.

“अन् तू काय म्हणाली?” मी विचारलं.

“मी म्हणाली, मले माहीत नाही सर. मी काय संगं होती का?” मग ती म्हणाली, “खरं सांगू? मले बी तुह्यावर संशय हाय. पण मी तुले तोंडावर सांगून राह्यली.”

राग आला, आणि रागाच्या मागोमाग कसला तरी दिलासा वाटला. सरांचा संशय काल दिवसभर माझ्या आसपास फिरत होता आणि मला दिसत नव्हता. ज्योतीचा निदान समोर उभा होता, त्याच्याशी बोलता तरी येत होतं. मी तिला म्हटलं, मी गेले होते गं. ती म्हणाली, गेली असशील, पण मग रंग कुठं गेला?

घरी आले आणि माझ्यातले बाबा जागे झाले. मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. नागपूरच्या ऑपरेटरवर, त्या पिशवीवाल्या बाईवर, लग्नात पर्सला हात लावणाऱ्या मामीवर, जरी तेव्हा पर्समध्ये काहीच नव्हतं. ज्योतीवरही घेतला. पण तिला माझी जागा घेऊन काय मिळणार? तिचा विषय वेगळा, तिची मापं केव्हाच झालेली. शेवटी एका क्षणी मी स्वतःवरही घेतला. पाहिलं होतं ना मी जांभळं? की इतक्या दिवसांपासून पाहायचं होतं म्हणून दिसलं? माणसावर सगळ्यांनी मिळून संशय घेतला की तोही हळूच त्यांच्यात जाऊन बसतो. मी पलंगावर बसून पर्समधून परत आणलेल्या त्या रिकाम्या काळ्या कागदांकडे पाहत राहिले.

आणि पाहता पाहता माझ्या लक्षात आलं, की या घड्या माझ्या नाहीत.

मी कागद गुंडाळते, वेडावाकडा, वर दोरा. सरांसमोर घाईने सोडताना ते दिसलं नव्हतं. या कागदांवरच्या घड्या सरळ होत्या, दोन्ही बाजूंनी त्रिकोण आत खोचलेले. ही किराणा दुकानातली पुडी. आणि काकूंच्या यजमानांचं मेन रोडला किराणा दुकान होतं. ते जाईपर्यंत तीस-एक वर्षं काकू त्यांच्याबरोबर गल्ल्यामागे बसून जिरं-मिऱ्याच्या पुड्या बांधत होत्या. त्यांनी बांधलेली पुडी खाली पडली तरी सुटत नसे.

मी गच्चीत गेले. काकू कुरडया उलटवत होत्या. मी विचारलं, काकू, माझा डबा उघडला होता का? त्या म्हणाल्या, कोणता डबा? मी म्हटलं, स्टीलचा. त्या म्हणाल्या, मी कायले उघडू? आणि कुरडया दुसऱ्यांदा उलटवायला लागल्या, त्या नुकत्याच उलटवल्या होत्या. मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी घडी पाहिली. आपल्या हाताचं काम माणूस नाकारू शकत नाही. त्या पदराने तोंड पुसून खालीच बसल्या.

म्हणाल्या, “काय करू माय. माह्या पोराचं, सुधाकरचं लग्न जुळून राह्यलं होतं. मी सरगुंड्यासाठी डबा पाहाले गेली तर तुह्या डब्यात काळ्या कागदात जांभळं मीठ. मले वाटलं, कोणी करणी करून राह्यलं. तुह्यावर संशय नव्हता वं माहा. मिठावर होता.”

मी विचारलं, मग फेकून का नाही दिलं?

“मीठ कोणी फेकते काय? ऊन दाखवलं. पुड्या सोडल्या, पिशव्या तशाच साडीवर मांडल्या, कुरडयाच्या बाजूनं. अन् पाह्य ना, जांभळं तर पाहता पाहता गेलं. पिवळं बी दुसऱ्या दिवशी पांढरंफट्ट. तवा माह्या जीवात जीव आला.”

म्हणजे काकूंनी प्रयोग केला होता आणि तो यशस्वी झाला होता. करणी असेल तर ती उन्हात उतरेल, असं त्यांचं अनुमान, उतरली. निरीक्षण अचूक, नोंद चोख, नमुने जागच्या जागी परत. निष्कर्ष तेवढा चुकला. मी हसले की रडले, मला आठवत नाही. काकूंनी मात्र माझा हात धरून ठेवला. हे कॉलेजात सांगू नको म्हणाल्या, मी हो म्हटलं. नव्या व्याह्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, सासू करणी पाहते.

आज मी त्या जागी असते तर सरळ सरांकडे गेले असते. तेव्हा ज्योतीला मात्र सांगावंच लागलं, आणि तिने अडवलं. ती म्हणाली, घरमालकीण, करणी, कुरडया, हे सगळं सरांना गोष्टच वाटेल, आणि तीही चांगली रचलेली. गोष्ट सांगू नको, मीठ बोलू दे. मला तिचं पटलं. काकूंना दिलेला शब्दही त्यात सरांपुरता तरी सांभाळला जात होता.

कारण उन्हाने रंग नेला होता, पण नायट्रेटमधली मोडतोड नेली नव्हती. रंग म्हणजे भाडेकरू, तो गेला. तिनाचे दोन झालेले ऑक्सिजन मात्र उन्हाला जोडून देता येत नाहीत. नायट्राइट असेल तर दोन द्रावणं थेंबाथेंबाने घातली की गुलाबी रंग येतो. नसेल तर पाणी पाण्यासारखं राहतं. बाटलीतला सोरा ताजा असतो, त्यात नायट्राइट जवळजवळ नसतंच. मी पुड्यांत नवं मीठ भरलं असेल तर गुलाबी येणार नाही. इतकं सोपं होतं, आणि तरी तो विचार घाबरलेल्या डोक्यात दोन दिवस आला नव्हता.

ज्योती सरांना जाऊन म्हणाली, सर, तुम्हीच नमुने लावा. सरांना हे अनपेक्षित होतं. पण परीक्षा घ्यायला कुठला मास्तर नाही म्हणतो? आम्हा दोघींना बाहेर उभं करून त्यांनी स्वतः वजनं केली. काही नळ्यांत माझ्या पुड्यांतला सोरा, काहींत बाटलीतला. पाणीही त्यांनीच आणलं, आपल्या खोलीतलं, ऊर्ध्वपातन केलेलं. इकडच्या नळाच्या आणि हातपंपाच्या पाण्यात काय काय असतं याचा त्यांना भरवसा नव्हता, आणि त्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूची होते. कुठल्या नळीत काय आहे हे त्यांनी कुठे लिहिलं नाही. ते फक्त त्यांना माहीत.

आम्ही आत आलो. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. कुठल्या तरी वर्गात परीक्षेची घंटा झाली आणि पुन्हा शांतता. सर एका बाजूला हाताची घडी घालून उभे.

मी नळ्यांत पाणी घातलं. खडे विरघळायला लागले आणि काही नळ्यांत बारीक बुडबुडे वर आले. आत कोंडलेला ऑक्सिजन सुटायला लागला की असे बुडबुडे येतात. मला हुरूप आला आणि लगेच शंकाही आली. बुडबुडे हवेचेही असू शकतात, पाणी वरून ओतलं म्हणूनही येतात. माझ्या स्वभावाने मला त्या क्षणीही सुखाने जगू दिलं नाही.

पहिलं द्रावण घातलं. काही झालं नाही, होणारही नव्हतं. दुसरं घालताना ज्योती माझ्या मागे उभी राहिली, हात न लावता. पहिली नळी तशीच राहिली. दुसरी तशीच.  मी तिसऱ्या नळीत थेंब टाकले.

आधी काहीच नाही. मग तळाशी एक रेघ, फिकी. मग हलवल्यावर सगळी नळी गुलाबी.

पुढची तशीच पाण्यासारखी, त्यापुढच्या दोन पुन्हा गुलाबी. कुठली माझी आणि कुठली बाटलीतली ते मला माहीत नव्हतं. ते फक्त सरांच्या चेहऱ्यावर वाचता येणार होतं. म्हणून मी नळ्यांकडे पाहणं सोडून त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी हाताची घडी सोडली होती. ते एकेका नळीजवळ गेले, एकेक उचलून खिडकीकडे धरली, बिनरंगाच्याही आणि गुलाबीही. शेवटची पुन्हा स्टँडवर ठेवली.

“बरोबर आहेत. गुलाबी त्या हिच्याच,” ते म्हणाले. मला नाही, ज्योतीला. मग मला म्हणाले, “म्हणजे रंग उजेडानं गेला. कुठे लागला उजेड?”

मी मान खाली घालून सांगितलं. सुधाकरच्या लग्नाचं आणि करणीचं वगळलं; घरमालकिणीने वाळवण घातलं तेव्हा चुकून डबा उन्हात गेला, एवढंच. सर ऐकत राहिले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, आणि पुन्हा लावायचं विसरून तो हातातच धरून ठेवला.

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, पण त्यात तक्रार होती. जणू फसवणूक माझ्याकडून झाली होती.

मी त्या दोन दिवसांत मनातल्या मनात सरांना कितीतरी सुनावलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. जे होतं तेवढंच तोंडातून आलं.

“सर, तुम्ही मला विचारलंच नाही. तुम्ही ज्योतीला विचारलं.”

ज्योतीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.   मला वाटलं, आता सर ‘बरं’ म्हणतील आणि निघून जातील, आणि पुढे आयुष्यभर आम्ही दोघं हे झालंच नाही असं वागू. पण ते गेले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले. मी उभी होते, त्यामुळे त्यांना वर पाहून बोलावं लागलं.

“मग आता विचारतो,” ते म्हणाले. “तू नागपूरला गेली होतीस?”

समोर नळ्या उभ्या होत्या. पुरावा टेबलावर होता, आणि त्यांच्याच हाताने लावलेला. या प्रश्नाला आता काही अर्थ उरला नव्हता. तरी त्यांनी तो विचारला आणि उत्तरासाठी थांबले.

“गेलती, सर,” मी म्हटलं. घरची बोली तोंडात आली. आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू मग मला आवरता आलं नाही.